हाताच्या टप्प्यातील शिकार

पावसाळा ओसरतो, माळावरचे गवत पिवळे पडू लागते आणि अनेक गावांत एक जुना प्रसंग पुन्हा घडतो. मगरिबच्या सुमारास कोणी ओळखीचा माणूस दाराशी येतो. त्याच्या पिशवीत पाय बांधलेली तित्तरांची जोडी असते. पक्षी जिवंत आहेत, घरीच जबह करून घ्या, असे तो आग्रहाने सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांना तरुणपणी चाखलेली चव आठवते, मुले पिशवीत डोकावू लागतात आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येतो : हे आपल्याला चालते का?

तित्तर हलाल पक्षी आहे. तो जिवंत आहे. बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवणारा हातही घरातच आहे. मग अडचण कोणती? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. शिकारीविषयी अल्लाहने काय शिकवले आहे, कोणत्या अटी घातल्या आहेत आणि त्या अटींमागे माणसाच्या मनाची कोणती घडण अपेक्षित आहे, हे पाहिल्यावरच ते मिळते.

परवानगी आणि तिची सीमा

पक्ष्यांचे मांस ही अल्लाहची देणगी आहे. बनी इस्राईल वाळवंटात भटकत असताना त्यांना मन्न व सलवा मिळाल्याचा उल्लेख दिव्य कुरआनात सूरह बकरा, सूरह आराफ आणि सूरह ताहा अशा तीन ठिकाणी आहे. सलवा म्हणजे लाव्यासारखा पक्षी, असे भाष्यकार सांगतात. जन्नतवासीयांना मिळणाऱ्या नेमतींमध्येही सूरह वाकियात पक्ष्यांच्या मांसाचा उल्लेख येतो. म्हणून पक्ष्याचे मांस आवडणे हा काही दोष नव्हे.

पंजांनी शिकार करणारे पक्षी, म्हणजे ससाणा, घार, घुबड यांसारखे पक्षी खाण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. ही हदीस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आली आहे. तित्तर, लावा, पारवा, होला, बदक हे पक्षी या मनाईत येत नाहीत.

शिकारीची परवानगी सूरह माइदात आहे. परंतु ती कशी दिली आहे ते लक्षपूर्वक पाहावे. या सूरहच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पाळण्याचा आदेश आहे. त्याच आयतीत चतुष्पाद प्राणी हलाल केल्याचे सांगितले आहे आणि एहरामच्या अवस्थेत शिकार हलाल समजू नये, अशी सीमाही घातली आहे. करार पाळणे आणि शिकारीला आवर घालणे ही दोन्ही एकाच आयतीत आली आहेत. याचे कारण पुढे अधिक स्पष्ट होईल.

हुदैबियाची परीक्षा

याच सूरहच्या ९४ व्या आयतीचा आशय असा आहे की, तुमच्या हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीच्या द्वारे अल्लाह तुमची परीक्षा घेईल, जेणेकरून न पाहता त्याचे भय कोण बाळगतो हे उघड व्हावे. हाताच्या टप्प्यातील शिकार म्हणजे पिल्ले, अंडी व लहान प्राणी आणि भाल्याच्या टप्प्यातील म्हणजे मोठे प्राणी, असे स्पष्टीकरण भाष्यकारांनी दिले आहे.

काही भाष्यकारांच्या मते ही आयत हिजरी सन ६ मध्ये, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, हुदैबियाच्या प्रसंगी अवतरली. सहाबा (रजि.) एहराममध्ये होते. प्रवास लांबचा, शिदोरी मर्यादित आणि वन्य पशुपक्षी त्यांच्या मुक्कामाच्या इतक्या जवळ येत की हात पुढे केला तरी पकडता यावेत. अरबांसाठी शिकार हा अन्नाचा नित्याचा मार्ग होता. तरीही त्यांनी हात आवरला.

त्याच प्रवासातील हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत बुखारी व मुस्लिममध्ये आहे. ते स्वतः एहराममध्ये नव्हते, त्यांचे सोबती मात्र होते. रानगाढव दिसताच ते घोड्यावर स्वार झाले आणि सोबत्यांकडे चाबूक मागितला. सोबत्यांनी चाबूक उचलून देण्यासही नकार दिला. अखेर त्यांनी एकट्यानेच शिकार केली. पुढे खाण्याविषयी शंका आली तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्यापैकी कोणी त्यांना शिकारीस सांगितले होते का, किंवा तिच्याकडे खूण केली होती का? कोणीही तसे केले नव्हते, म्हणून उरलेले मांस खाण्याची अनुमती मिळाली.

यातून दोन गोष्टी शिकायला मिळतात. एक, जी वस्तू स्वभावतः हलाल आहे, तीच विशिष्ट स्थितीत वर्ज्य ठरू शकते. दुसरी, वर्ज्य कृत्यात केलेली छोटी मदतही, मग ती चाबूक उचलून देण्याइतकी असो वा बोटाने खूण करण्याइतकी, हिशेबात धरली जाते.

ही परीक्षा नवी नव्हती. बनी इस्राईलच्या एका वस्तीला शनिवारी मासेमारीची मनाई होती आणि नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येत, असे सूरह आराफमध्ये सांगितले आहे. त्या लोकांनी पळवाट शोधली. सहाबांनी पळवाट शोधली नाही. दोन्ही समूहांपुढे मोह सारखाच होता. परिणाम मात्र वेगळे झाले.

हजरत अदी (रजि.) यांचे प्रश्न

शिकारीचे नियम आपल्यापर्यंत प्रामुख्याने दोन सहाबांच्या प्रश्नांमुळे पोहोचले. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे दानशूर म्हणून ख्यात असलेल्या हातिम ताईंचे पुत्र आणि हजरत अबू सअलबा खुशनी (रजि.) हे शिकारीच्या प्रदेशात राहणारे. त्यांच्या हदीसांचा सारांश असा :

१. शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला आणि त्याने शिकार मालकासाठी धरून ठेवली, तर ती हलाल आहे. कुत्र्याने त्यातील मांस खाल्ले असेल, तर ती खाऊ नये. कारण त्याने ती स्वतःसाठी पकडली असण्याची शक्यता आहे.

२. शिकारीपाशी दुसराही कुत्रा आढळला, तर खाऊ नये. नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नाही.

३. बाणाची धार लागून रक्त वाहिले, तर हलाल. बाण आडवा लागून केवळ आघाताने प्राणी मेला, तर तो सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीतील ‘मौकूजा’ ठरतो, म्हणजे माराने मेलेला. तो हराम आहे.

४. जखमी शिकार पाण्यात पडून मेली, तर खाऊ नये. मृत्यू बाणाने आला की बुडून, हे ठरवता येत नाही.

५. शिकार जिवंत हाती लागली, तर जबह करणे आवश्यक आहे.

या सर्व नियमांत एक समान सूत्र आहे. जेथे शंका आहे, तेथे हात मागे घ्यावा. जीव घेण्याचा अधिकार माणसाचा स्वतःचा नाही. ज्याने जीव दिला त्याच्या नावाने आणि त्याने घातलेल्या अटींवर तो मिळतो. जाणूनबुजून बिस्मिल्लाह सोडले तर हनफी मतानुसार तो प्राणी हलाल राहत नाही. विसर पडल्यास माफी आहे. शाफई मतानुसार बिस्मिल्लाह म्हणणे ही सुन्नत आहे. आपल्याकडे देशावर बहुतांश कुटुंबे हनफी आणि कोकणात बरीच शाफई आहेत, म्हणून हा फरक माहीत असावा. परंतु दोन्ही मतांचा अनुयायी नाव घेऊनच सुरी चालवतो, हेही तितकेच खरे.

बंदूक आणि छर्रा

बाणाच्या जागी बंदूक आली तेव्हा उलेमांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. छर्रा धारदार नसतो, तो वेगाने आदळतो. म्हणून उपखंडातील हनफी उलेमांचे प्रचलित मत असे की, छर्ऱ्याने मेलेला पक्षी जबह करण्यापूर्वीच मेला असेल, तर तो खाऊ नये. येमेनचे इमाम शौकानी (रह.) आणि त्यांच्या मताचे विद्वान म्हणतात की, गोळी शरीर भेदून रक्त वाहवते, म्हणून ती बाणासमान आहे.

ज्या देशांत परवाना घेऊन शिकार करता येते, तेथे राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठी हा प्रश्न आजही जिवंत आहे. केपटाउनमध्ये कोकणी मुस्लिम कुटुंबे अनेक पिढ्यांपासून आहेत. ब्रिटनमध्येही मराठी भाषिक मुस्लिम आहेत. त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग एकच : पक्षी खाली पडताच त्याच्यापर्यंत पोहोचावे आणि तो जिवंत असतानाच जबह करावा. यात कोणाचाही मतभेद नाही. शिवाय मांसात अडकलेले छर्रे बोटांनी चाचपून काढावेत आणि त्याभोवतीचे काळवंडलेले मांस टाकून द्यावे. छर्रा शिशाचा असेल, तर लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना असे मांस देऊ नये. शिसे हे शरीरात साठत जाणारे विष आहे.

खेळासाठी जीव घेणे

भुकेसाठी केलेली शिकार वेगळी आणि करमणुकीसाठी केलेली वेगळी. हजरत इब्ने उमर (रजि.) काही तरुणांजवळून गेले. त्यांनी एक पक्षी बांधून त्यावर नेमबाजी चालवली होती. त्यांना पाहताच ते तरुण पांगले. सजीवाला निशाणा बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना सांगितले. ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे.

आपल्या मुलांच्या हाती गलोल असते, तिच्याविषयीही मार्गदर्शन आहे. बोटांच्या चिमटीतून खडे भिरकावण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. त्याने ना शिकार होते, ना शत्रू जखमी होतो, मात्र कोणाचा दात तुटतो, कोणाचा डोळा फुटतो, असे कारण सांगितल्याचे हजरत अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) सांगतात. गलोलीने चिमण्या-होले पाडणाऱ्या मुलाला ही हदीस प्रेमाने समजावून सांगावी.

सुनन अबू दाऊदमध्ये आणखी एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पक्षीण खाली येऊन पंख फडफडवू लागली. प्रेषितांनी (स.) विचारले की, हिला हिच्या पिल्लांपासून कोणी दुरावले? आणि पिल्ले परत ठेवण्यास सांगितले. हे सर्वजण शिकारीची अनुमती असलेल्या समाजातील होते. तरीही आईच्या व्याकूळतेपुढे ती अनुमती बाजूला ठेवली गेली.

आपल्या देशाचा कायदा आणि आपला करार

आता दाराशी आलेल्या पिशवीकडे परत येऊ.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ पासून लागू आहे. तित्तर, रानलावा, रानकोंबडा, रानबदक हे सर्व त्याच्या संरक्षणाखाली येतात. मोराला तर सर्वोच्च संरक्षण आहे. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, जाळे टाकणे, पकडणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे, हे सर्व शिकारीत मोडते. पकडलेला पक्षी सरकारची मालमत्ता समजला जातो. म्हणजे पिशवीतील जोडी विकणाऱ्याची नाहीच. जी वस्तू त्याची नाही, ती तो आपल्याला विकतो आहे.

काही जण म्हणतात की, अल्लाहने हलाल केलेल्या गोष्टीस कायदा हराम कसा करील? कायदा तित्तराला हराम करत नाही आणि कोणी तसे करूही शकत नाही. परंतु एखादी गोष्ट मुबाह असणे आणि ती प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक काळी करणे आवश्यक असणे, या दोन भिन्न बाबी आहेत. तित्तर न खाल्ल्याने कोणाचे कर्तव्य चुकत नाही. उलट, या देशात नागरिक म्हणून राहताना आपण त्याचे कायदे पाळण्याचा करार केलेला असतो आणि करार पाळण्याचा आदेश शिकारीच्या त्याच आयतीत आहे. गुन्हा दाखल झाला तर कारावास व दंड होतो. घरच्यांना मान खाली घालावी लागते. एका वेळच्या रश्शासाठी स्वतःला अपमानात लोटणे श्रद्धावंताला शोभत नाही.

प्राण्यांना अभय देणारा प्रदेश ही कल्पनाही इस्लामला परकी नाही. मक्केच्या हरममध्ये शिकारीला हुसकावण्याचीही मनाई आहे. मदीनेभोवतीचा बारा मैलांचा परिसर प्रेषितांनी (स.) राखीव ठरवला. मदीनेत हरणे चरताना दिसली तर मी त्यांना भिववणार नाही, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) म्हणत. हरममधील एका कबुतराच्या बदल्यात सहाबांनी एका बकरीची भरपाई ठरवली होती.

आपल्या माळांचे चित्र आज काय आहे? माळढोक हा पक्षी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एके काळी सहज दिसत असे. आज तो संपूर्ण भारतातच नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. शिकार आणि माळरानांचा ऱ्हास ही त्याची प्रमुख कारणे. कुरआन माणसाला पृथ्वीवरील खलीफा म्हणतो. खलीफाच्या राज्यात एखादा जीव कायमचा संपत असेल, तर त्याची विचारणा कोणाकडे होईल, याचा विचार आपण करायला हवा.

नकार कसा द्यावा?

पिशवी घेऊन आलेला माणूस बहुधा जुना ओळखीचा असतो. कधी तो गरजूही असतो. त्याला झिडकारणे योग्य नाही. यासाठी हजरत सअब बिन जस्सामा (रजि.) यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. त्यांनी प्रेषितांना (स.) रानगाढव भेट दिले. प्रेषित (स.) एहराममध्ये होते, म्हणून त्यांनी ते परत केले. परंतु सअब (रजि.) यांच्या चेहऱ्यावरची निराशा त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आपण केवळ एहराममध्ये असल्यामुळे ही भेट परत करत आहोत, असे त्यांनी लगेच समजावून सांगितले.

वस्तू नाकारली, माणूस नाकारला नाही. आणि नकाराचे कारण सांगितले. आपणही तसेच करावे. “भाऊ, राग मानू नका, हे आम्ही घेत नाही. आत या, चहा घ्या,” असे म्हणावे. पक्षी सोडून देण्यास सांगावे. तो गरजू असेल तर आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी. पक्षी सोडवण्यासाठी पैसे मोजणे दयेचे वाटते. परंतु त्यामुळे उद्या तो आणखी पक्षी पकडून आणेल, हे ध्यानात घ्यावे.

मग चव कुठे शोधायची?

अल्लाहने एक दार बंद असेल तेथे दुसरे उघडे ठेवले आहे. जपानी लावा, ज्याला बाजारात बटेर म्हणतात, हा पाळीव पक्षी आहे. १९७० च्या दशकात तो भारतात आणला गेला आणि आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याचे फार्म आहेत. अंडी सतरा-अठरा दिवसांत उबतात आणि पाच-सहा आठवड्यांत पक्षी खाण्यायोग्य होतो. तो नोंद असलेल्या फार्मवरूनच घ्यावा व पावती मागावी. ‘बटेर’ या नावाखाली रानातला लावा विकला जाण्याची शक्यता असते.

जबह करताना सुरी धारदार असावी आणि ती पक्ष्यासमोर घासू नये. एका पक्ष्यासमोर दुसरा कापू नये. पक्षी लहान असला तरी मान मुरगळू नये. बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर म्हणून अन्ननलिका, श्वासनलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापाव्यात. तो पूर्ण शांत झाल्याशिवाय पिसे काढू नयेत. जिवंत प्राण्याचा कापलेला भाग मुरदार असतो, अशी हदीस आहे. आतडी व गळ्यातील पोटी काढून पक्षी वाहत्या पाण्यात नीट धुवावा. आपोआप मेलेला पक्षी तर मुळातच हराम. त्याला उघड्या हातांनी स्पर्शही करू नये. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती, हे विसरू नये.

एक पक्षी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. माणशी दोन पुरतात. या मांसात चरबी कमी, म्हणून मोठ्या आचेवर ते कोरडे पडते. दही, आले-लसूण, हिरवी मिरची, हळद व मीठ लावून तासभर मुरवावे. कांदा व सुके खोबरे भाजून, धणे, मिरे आणि लवंग घालून वाटण करावे. तेलात वाटण परतून पक्षी अखंड सोडावेत, थोडे गरम पाणी घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजवावे. मांडीपाशी टोचल्यावर निघणारा रस स्वच्छ हवा. तो लालसर असेल तर आणखी शिजवावे. भाकरी असो वा भात, दोन्हींबरोबर हा रस्सा उत्तम लागतो. एखादी वाटी शेजारी जरूर पाठवावी. मर्रुज्जहरानपाशी हजरत अनस (रजि.) यांनी ससा पकडला, तेव्हा हजरत अबू तल्हा (रजि.) यांनी तो जबह करून त्याची मांडी प्रेषितांकडे (स.) पाठवली आणि त्यांनी ती स्वीकारली. शिकारीची चव वाटून खाण्यात आहे, हेच त्यांनी दाखवले.

समारोप

हुदैबियाच्या माळावर सहाबांच्या हाताशी शिकार होती आणि कोणी अडवणारा पहारेकरी नव्हता. दाराशी आलेली पिशवीही तशीच असते. अंधार पडलेला असतो, कोणी पाहत नसते, किंमतही फार नसते. पाहणारा एकच असतो. त्याच्यासाठी आवरलेला हात हीच त्या आयतीची खरी तालीम आहे. आपली मुले तेव्हा पिशवीकडे नव्हे, आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतात.

अल्लाह आपल्याला हलाल व शुद्ध अन्न देवो, एकांतातही त्याचे भय बाळगण्याची सद्बुद्धी देवो आणि त्याच्या सृष्टीचे विश्वासू राखणदार बनवो. आमीन.

घरात चर्चेसाठी

१. सूरह माइदाच्या पहिल्या आयतीत करार आणि शिकार एकत्र का आले असावेत?

२. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सोबत्यांनी चाबूक का उचलून दिला नाही? आपल्या रोजच्या व्यवहारात ‘चाबूक उचलून देणे’ कोणत्या रूपांत घडते?

३. भेट नाकारताना माणसाचे मन कसे राखावे? मुलांना एक प्रसंग रचून दाखवण्यास सांगा.

४. आपल्या गावाच्या माळावर व तळ्यावर कोणते पक्षी येतात, याची मुलांसह यादी करा आणि त्यांपैकी कोणते पूर्वी अधिक दिसत, हे आजी-आजोबांना विचारा.